वाकडी प्लेट, व्हाया सुरगाणा

प्रवासात ज्यांना देवदर्शन, थंड हवा किंवा निदान स्वच्छ चादर लागते, त्यांनी माझ्या मागोमाग येऊ नये. २००३ सालच्या दिवाळीनंतर मी चार दिवसांत नाशिक जिल्ह्याची जी फेरी मारली, ती एका गिअरबॉक्सपायी. परत आलो तेव्हा कंबर धरली होती, एक सदरा कायमचा तेलकट झाला होता आणि बायको दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. तरीही लिहितो आहे, कारण या वाटेने मुद्दाम कुणी जात नाही आणि मी तरी पुन्हा कशाला जाईन!

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. मी आणि विलासने सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं करणाऱ्या खात्यात, शेजारी शेजारी उभं राहून वीस वर्षं काम केलं. एकदा रद्दीच्या दुकानात त्याला एक अमेरिकन मासिक सापडलं. त्यात जुन्या मोटारींची छपरं कापून बुटकी केलेली, आत दांडगं इंजिन बसवलेलं आणि वर झाकणच नाही, असल्या गाड्यांचे फोटो होते. त्यांना तिकडे हॉट रॉड म्हणतात. आम्ही दोघं पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पोरं कॉलेजात, आणि आम्हाला हे डोहाळे लागले. एका डॉक्टरांच्या बंगल्यात आंब्याखाली सडत पडलेली काळी मोटार आम्ही उचलून आणली, अंबडला पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि दर रविवारी तिथे राबू लागलो. चहाला चार मित्र जमायचे. त्यातला एक दर वेळी विचारायचा, "याचं झाकण हरवलंय का?"

इंजिन एका जातीचं मिळालं, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा. दोघांची भोकं जुळेनात. म्हणून मधे बसवायला विलासने पोलादाची एक प्लेट केली. दोन बोटं जाड, चौदा भोकं, आणि नेमकी जागा धरायला इंजिनातून प्लेट ओलांडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दोन पिना. कारखान्याच्या मशिनवर, जेवणाच्या सुट्टीत, महिनाभर खपून केली. पण गिअरबॉक्स चढवला की प्लेटच्या खालच्या बाजूला नखभर फट राहायची. बोल्ट आवळून, सीलंट भरून आम्ही ती दाबली. गाडी पाच-सात किलोमीटर धावली की पुढचं बेअरिंग किंचाळायला लागायचं आणि मग फुटायचं. तीन गिअरबॉक्स असे गेले. तिन्ही वेळा फट तिथेच.

तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. चहाला जमलेल्या चौघांसमोर मी म्हणालो, "प्लेट वाकडी झालीय, विलास. कबूल कर. तुझा हात गेलाय आता."

"प्लेट सरळ आहे," तो म्हणाला. "दुसरीकडे बघ."

"तीन डबे बदलले. आता दुसरीकडे म्हणजे कुठे, माझ्या डोक्यात बघू?"

चौघे हसले. त्या वर्षी आमचा कारखाना बंद पडला होता. मला भाच्याच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, विलासला मिळालं नव्हतं. ज्या माणसाचं काम गेलंय त्याला हात गेला म्हणू नये एवढी अक्कल मला हवी होती. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि निघून गेला. पुढे तो येवल्याला सासुरवाडीच्या गावी राहायला गेल्याचं कळलं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही.

मला गाडी चालायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर ती विलासच्या प्लेटशिवाय चालायला हवी होती, म्हणजे मी खरा ठरलो असतो.

सुरगाणा

आमच्या इंजिनाला प्लेटशिवाय, थेट बसेल असा गिअरबॉक्स सुरगाण्याकडच्या एका बंद जीपमध्ये आहे असं कुणीतरी सांगितलं. दिंडोरी, वणी करत एसटीने निघालो. वणीपर्यंत द्राक्षबागा. त्यानंतर घाट लागला, शेतं लहान होत गेली, आणि गार वारा खिडकीच्या फटीतून मानेवर येऊ लागला. नाशिककर थंडीला आपली घरची समजतो, पण ही वेगळीच होती.

जीपचा मालक काशिनाथ. पाच-सहा घरांचा पाडा, अंगण शेणाने सारवलेलं, आणि मधोमध चाकं नसलेली जीप. तिच्या बॉनेटवर नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं वाळत घातली होती, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी सरळ गिअरबॉक्सचं विचारलं. काशिनाथला ते आवडलं नसावं.

"आधी बसा. जेवा. डबा कुठं पळून जातो?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा, मग गप्पा, मग जेवणाचा आग्रह. इथे उलटं. ताट आधी आलं: नागलीची काळसर भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि नुकत्याच निघालेल्या तांदळाचा वाफाळता भात. मी तीन भाकरी खाल्ल्या. भूक होतीच, पण ती चटणी आठवून आजही तोंडाला पाणी सुटतं.

जेवताना त्याने माझ्या गाडीची चौकशी केली.

"माणसं किती बसतात?"

"दोन."

"दोन पुढं. मागं?"

"मागे काही नाही. दोनच."

त्याने घास खाली ठेवला. "एवढं मोठं इंजिन घातलं, अन् दोन माणसं? माझ्या जीपमधी बावीस जायची. टपावर वेगळी."

"हौसेची गाडी आहे," मी म्हणालो.

"मंग हौस करायला दुसरा माणूस कोण हाय?"

मी पाणी प्यायलो.

गिअरबॉक्स त्यानेच जीपखाली झोपून काढून दिला. साठीचा माणूस, अंगात एक बनियन, आणि प्रत्येक बोल्ट सुटला की तो नागलीच्या कणसांशेजारी ओळीत मांडून ठेवायचा. आमच्या टूलरूमलाही इतकी शिस्त नव्हती. गोणपाटात बांधून तो डबा मी उचलला आणि तिथेच माझ्या कंबरेत उसण भरली.

परतीची एसटी चुकली. पिंपळगावकडे बागांच्या छाटणीला मजूर घेऊन निघालेली जीप मिळाली. घरंदारं बंद करून, भांडीकुंडी, घोंगड्या आणि पोरंबाळं घेऊन माणसं चार-पाच महिन्यांसाठी निघाली होती. त्यात मी आणि माझा डबा. वणीच्या उतारावर गोणपाटातून तेल गळायला लागलं आणि शेजारच्या बाईच्या नागलीच्या पिशवीखाली डबकं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातला रुमाल काढून पुसू लागलो, तर तिने पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "राहू दे. तुमचा डबा दुखला असंल." सगळी जीप हसली. मलाही हसू आलं, पण दमलेल्या माणसाला हसतानाही कंबर लागते.

मालेगाव

घरी एक दिवस पाठ शेकून, तिसऱ्या दिवशी ओळखीच्या टेम्पोवाल्या बाळूच्या टेम्पोत इंजिन चढवलं. प्लेट आणि जुना गिअरबॉक्स त्याला जोडलेलेच होते, शेजारी सुरगाण्याचा डबा. डबा बसवून देणारे मालेगावचे जुने मिस्त्री रफीक उस्ताद फोनवर म्हणाले होते, "इंजन के साथ लाओ. अकेला डिब्बा क्या बोलेगा?"

आग्रा रोडने चांदवड ओलांडून अकराला पोचलो आणि बघतो तर गावाचा आवाजच नाही. एरवी मालेगावात शिरलं की यंत्रमागांची खडखड कानात बसते, माणसं ओरडूनच बोलतात. त्या दिवशी सगळं चिडीचूप. शुक्रवार, मालेगावची सुट्टी! आमच्या सातपूरला शनिवारी सुट्टी, म्हणून वार बघायची बुद्धी मला झाली नाही. उस्तादांचं शटर बंद. बाळू म्हणाला, "भाऊ, येवढे इंजिनात हुशार तुम्ही, कॅलेंडर नाय का घरात?"

शेजारच्या टपरीवर चहा घेत बसलो. दुपारच्या नमाजनंतर उस्ताद स्वतःच आले. पांढरे कपडे, अत्तर लावलेलं, सत्तरीचे गृहस्थ. मला वाटलं उद्या या म्हणतील. ते टेम्पोत चढले, इंजिनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "इतनी दूर से आए हो, देख तो लेते हैं." सुट्टीच्या दिवशी, घरी जाऊन पांढरे कपडे बदलून ते कामाच्या कपड्यांत आले. मधल्या वेळात त्यांच्या घरून जेवण आलं. मी शाकाहारी असेन असं समजून माझ्यासाठी वरण-भात, आणि बाळूपुढे मटणाचा रस्सा. मी शाकाहारी नाही. पण इतक्या काळजीने पाठवलेल्या वरणाला नाही म्हणवेना, म्हणून बाळूच्या वाटीकडे बघत मुकाट्याने जेवलो.

मी उस्तादांना सगळी हकिगत सांगितली. प्लेट वाकडी आहे, ती काढून फेकायची, हा नवा डबा थेट बसवायचा. त्यांनी ऐकून घेतलं. जुना गिअरबॉक्स उतरवला, प्लेटचे बोल्ट काढले आणि प्लेट सुटी केली. बसवल्यापासून ती पहिल्यांदाच इंजिनावरून उतरली होती. भंगारात टाकायची वस्तू असूनही त्यांनी ती आरशाच्या जाड काचेवर ठेवली, चारी कोपऱ्यांवर बोट दाबून पाहिलं, कडेने सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवून पाहिला. कागद कुठेही शिरेना. मग प्लेट उलटी केली. पुन्हा तेच.

"किसने बनाई?"

"होता एक मित्र."

"था? मर गया?"

"नाही, नाही. आहे. येवल्याला असतो."

"ये टेढ़ी नहीं है, साब. ऐसी प्लेट मैं नहीं बना सकता."

मला वाटलं, म्हातारबाबांची नजर गेली. मी म्हणालो, "मग फट कुठून येते?"

ते उत्तर न देता इंजिनाकडे वळले. इंजिनाच्या तोंडावर त्या दोन पिना अजून बसलेल्याच होत्या. त्यांनी आधी एकीवर अंगठा ठेवला, मग दुसरीवर. मग मला म्हणाले, "आप रखो." मी अंगठा ठेवला. खालची पिन वरच्यापेक्षा उंच होती. एका सुताहून, म्हणजे तीन मिलिमीटरहून, कमीच, पण होती. म्हणजे ती आत पुरती गेलीच नव्हती. तिचं डोकं गिअरबॉक्सच्या भोकात जाऊन तळाला टेकत होतं आणि अख्ख्या डब्याला त्या बाजूने बाहेर ढकलत होतं. दोन वर्षं मी फट मोजत बसलो. पिन एकदाही मोजली नाही.

उस्तादांनी पकडीने पिळून पिन बाहेर काढली. तिचं बूड लालभडक. भोकात तार घालून टोकरलं तर विटेसारखा घट्ट लाल गोळा निघाला. त्यांनी तो हातावर घेऊन चुरला. आत चपटे झालेले तांदूळ.

"सिंदूर है," ते म्हणाले. "चावल भी है. हमारे यहाँ लोग गाड़ी को तावीज़ बाँधते हैं, साब. मगर इंजन के अंदर नहीं."

बाळू इतका हसला की त्याला खोकला आला. मी स्टुलावर बसलो.

कारण मला सगळं आठवलं. प्लेट तयार होऊन शेडवर आली तेव्हा दसरा होता. विलास म्हणत होता, आधी प्लेट बसू दे, मग पूजा कर, उघड्या कामावर हळदकुंकू नको. मी म्हणालो होतो, "दसरा काय तुझ्या प्लेटसाठी थांबणार आहे?" बायकोने दिलेलं ताट घेऊन मी इंजिनाच्या उघड्या तोंडावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मूठभर अक्षता टाकल्या. कुंकू ओघळलं, ते मी फडक्याने पुसलं. आणि मुहूर्त साधायचा म्हणून विलासने केलेल्या दोन्ही पिना हातोडीने मीच ठोकल्या. खालची जरा लवकर अडली. मला वाटलं, बसली. दुसऱ्या दिवशी विलासने माझ्या भरवशावर वर प्लेट चढवली.

तीन गिअरबॉक्स माझ्या अक्षतांनी खाल्ले होते. आणि दोष मी त्याच्या हाताला दिला होता, त्याला काम नव्हतं तेव्हा, चार माणसांत.

उस्तादांनी भोक साफ करून पिन पुन्हा बसवली, प्लेट लावली, जुन्या गिअरबॉक्सला नवं बेअरिंग घालून तो प्लेटला टेकवला. फट नाही. सीलंटची गरज नाही. तो चिकटलेला सांधा बघताना आनंद व्हायला हवा होता. मला नुसता थकवा आला. गिअरबॉक्स त्यांनी पुन्हा सोडवून वेगळा बांधून दिला, कारण दोन्ही एकत्र घालून गाडीत बसवता येत नाही. सुरगाण्याचा डबा कामाचाच उरला नव्हता. तो आजही आमच्या गॅलरीत आहे आणि बायको त्यावर लोणच्याची बरणी ठेवते.

रात्री एका लॉजमध्ये पडलो. खोलीबद्दल न बोललेलं बरं.

येवला

बाळूला परतताना विंचूरच्या बाजारातून कांदा भरायचा होता, त्यामुळे आम्ही मनमाडवरून येवल्याच्या रस्त्याला लागलो. म्हणजे विलासचं गाव वाटेतच. खरं सांगतो, मनमाड सोडल्यावर मी झोपेचं सोंग घेतलं. येवला निघून जावं, मग बाळूलाच म्हणावं, अरे, उठवायचं नाही का? आणखी एक विचार आला: प्लेट चढवताना विलासनेही पिना तपासायला हव्या होत्या की! हे सुचलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी डोळे उघडले आणि म्हणालो, "बाळू, गावात घे."

घर शोधायला वेळ लागला नाही. एका खोलीत माग मांडलेला, विलासची बायको सुनंदावहिनी पैठणीचा पदर विणत बसलेल्या. एका दिवसात बोटभर पदर होतो म्हणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि धोटा थांबवला. "या," एवढंच म्हणाल्या. मागच्या पडवीत विलास कुणाच्या तरी मागाची फणी दुरुस्त करत होता. केस पूर्ण पिकले होते. येवल्यातल्या मागांची दुरुस्ती तो करतो हे मला तेव्हा कळलं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दसरा, कुंकू, पिन, उस्ताद, सगळं. "प्लेट सरळ होती. चूक माझी होती. मी तुला नको ते बोललो. माफ कर."

तो फणीच्या दातांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "इथे कशाला सांगतोस?"

"म्हणजे?"

"या घरात मला कुणी वाकडं म्हणालं नव्हतं, मधू. जिथे बोललास तिथे सांग."

वहिनींनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो. त्याने टेम्पोपाशी येऊन प्लेट बघावी असं मला फार वाटत होतं, पण तो पडवीतून उठला नाही. बाळूने बाहेरून हॉर्न दिला. विंचूरला कांद्याच्या गोण्या चढल्या आणि माझं इंजिन मधे दडपलं गेलं.

नाशिक

रविवारी शेडमध्ये चौघे चहाला जमले. झाकणाचा विनोद व्हायच्या आत मी उभा राहिलो. वरातीच्या घोड्यासारखी पायांची चुळबुळ होत होती. म्हणालो, "दोन वर्षांपूर्वी मी इथे विलासला बोललो होतो की प्लेट वाकडी आहे आणि त्याचा हात गेलाय. दोन्ही खोटं होतं. पिना मी ठोकल्या होत्या. भोकात कुंकू आणि अक्षता मी भरल्या होत्या. तुम्ही तेव्हा हसला होतात, आता माझ्यावर हसा."

कुणी हसलं नाही. एकाने फक्त विचारलं, "विलास कसा आहे?"

संध्याकाळी येवल्याला त्याच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत तीन मिनिटं गेली.

"सांगितलं," मी म्हणालो.

"चौघे होते?"

"चौघेही."

पलीकडे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग तो म्हणाला, "गाडी चालवलीस?"

"नाही. गिअरबॉक्स अजून बसवला नाही."

"का?"

काशिनाथच्या अंगणात जे उत्तर मला देता आलं नव्हतं ते इथेही चटकन येईना. कंबर दुखतेय म्हणालो. मग म्हणालो, "दुसरा माणूस नाही रे. एकट्याने नाही होत माझ्याच्याने."

 

"त्या गिअरबॉक्सला हात लावू नकोस," विलास म्हणाला. "सकाळच्या गाडीने येतो."